एकशे आठ नगांची पेटी

मनुष्यजातीची प्रगती अवजारांमुळे झाली, हे सर्वमान्य आहे. तीच अवजारं निम्म्या किमतीत मिळाली असती तर प्रगती दुप्पट झाली असती, हे मात्र बमरोलीच्या वाल्मिकरावांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

वाल्मिकराव पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं फिटर. खरेदी खात्याने एकदा हलके पाने आणले, तेव्हा त्यांनी ते मॅनेजरच्या टेबलावर आपटले. "साहेब, ये खिलौना है. इससे मेरा हाथ जाएगा." चांगले पाने दुसऱ्या दिवशी आले. असा जाणकार घरी वर्कशॉप थाटताना फोनवरून काय मागवील? एकशे आठ नगांची पेटी, ड्रिल मशीनसकट, मिलमधल्या दोन पान्यांच्या भावात. मिलचं अवजार मालकाच्या पैशाचं, म्हणून चांगलं हवं. घरचं आपल्या पैशाचं, म्हणून स्वस्त. यात ज्याला विसंगती दिसते त्याने संसार केलेला नाही.

वर्कशॉपसाठी गॅलरीतली कपडे वाळवायची जागा संपादित करण्यात आली. विस्थापितांची (दोन साड्या, एक चादर) पर्यायी सोय अद्याप विचाराधीन आहे. पहिल्या महिन्याचा अहवाल असा: ठोकलेले खिळे सात, सरळ गेलेले दोन, हातोडीचं डोकं दांड्यातून निसटून शेजारच्या हिलालच्या टाकीत पडण्याचे प्रसंग एक. एकशे आठपैकी एकोणसाठ नग उरलेल्यांना पेटीत नीट बसवण्यासाठीच असतात, असंही आढळून आलं. मोजपट्टी मीटरमागे दोन सेंटिमीटर खायची. पण ती सगळ्यांशी सारखंच खोटं बोलत असल्याने कुणावर अन्याय नव्हता.

त्यांच्या पत्नी शोभाबाई घरी शिलाई मशीनवर साड्यांना लेस लावत. गुजराती व्यापाऱ्याचा माणूस हितेशभाई मोपेडवरून येऊन साड्यांची गठडी टाकून जायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "शोभाबेन, काले सवारे जोईए, हं." त्या गोड 'उद्या सकाळी'ला गल्ली घाबरून असे. एकदा गठडी दुसऱ्या घरी गेली की परत येत नाही.

गुरुवारी चाळीस साड्या बाकी असताना मशीनच्या मोटरचा एक स्क्रू ढिला झाला. काम पाव फेऱ्याचं.

"मन्ही मशीनले हात लावू नका," शोभाबाई म्हणाल्या. "मिस्तरीले बलावा."

"घरमा फिटर शे आनि मिस्तरी बलावू? लोके काय म्हनतीन?"

पेटी उघडली. पहिला पेचकस स्क्रूच्या खाचेत बसला, फिरवला; स्क्रू जागच्या जागी राहिला, पेचकसाचं टोक फिरलं. दुसरा वाकला. तिसऱ्याची मूठच आतल्या आत गरगरली. चौथ्याने मात्र काम केलं: स्क्रूची खाच पूर्ण खाऊन टाकली. मिलमध्ये कुठलाही फिटर इथे थांबतो. पण मिलमध्ये पणाला लागतं ते मशीन. इथे वाल्मिकरावांची निवड पणाला लागली होती. त्यांनी ड्रिल उचललं. ते तापलं, जळका वास सोडून उसळलं, आणि मोटर जिथे बसते तो मशीनचा बिडाचा कान तडकून खाली पडला. ड्रिलही मेलं. (त्याचा दिवा शेवटपर्यंत चालू होता, हे नमूद करणं न्यायाचं ठरेल.)

"तुम्हना एकशे आठ नगमा एक बी कामना नई?" शोभाबाईंनी विचारलं आणि साड्या मांडीवर घेऊन त्या रडायला लागल्या. वाल्मिकरावांना लाज वाटली. खरी वाटली, आणि साधारण मिनिटभर टिकली.

सकाळी हितेशभाईने चाळीसच्या चाळीस साड्या मोपेडवर बांधल्या आणि पलीकडच्या अनुसयाबाईंकडे नेल्या. वाईट शब्द एक नाही. नवं मशीन पंधरा दिवसांनी आलं. हितेशभाई आला नाही. शोभाबाई हल्ली दुपारी त्या नव्या मशीनवर कपडे वाळत घालतात.

पेटी विकणाऱ्यांनी दरम्यान फोनवर अभिप्राय मागितला. एक तारा द्यावा, तर बावीस वर्षांचा फिटर फसला हे जगजाहीर होतं. वाल्मिकरावांनी पाच दिले आणि खाली लिहिलं, "एकदम मजबूत. पैसा वसूल." असं लिहिणारे ते चार हजार तीनशे तेरावे. आधीचे चार हजार तीनशे बाराही इतकेच प्रामाणिक होते.

तुमची गोष्ट अर्थात वेगळी. तुम्ही आंधळेपणाने काही घेत नाही; आधी लोकांचे अभिप्राय वाचता. दार वाजतंय वाटतं, बघा; तुमचं पार्सल आलं असेल.