वजाबाकीत नापास झालेली वस्ती

पर्यावरणस्नेही वस्ती नियोजन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, भर दुपारी पडदे ओढून आणि अकरा दिवे लावून, निसर्गाशी एकरूप होऊन कसं जगावं याचा गुणतक्ता तयार झाला. तक्ता बनवला नकाशेवालीनं. कार्यालयात तिला सगळे याच नावानं हाक मारत. तक्त्याचा जीव एका ओळीत होता : आधीचा वापर वजा आताचा वापर म्हणजे बचत, आणि जितकी बचत तितके गुण.

"वा! यात पळवाटच ठेवली नाहीस तू," प्रकल्पप्रमुख म्हणाले. ती दिवसभर हवेत होती.

तिच्या आनंदाला घरचं कारणही होतं. टेकडीमागच्या बावीस घरांच्या मातीच्या वस्तीत तिची मावशी राहायची. आई गेल्यावर याच मावशीनं तिला वाढवलं होतं. त्या जागेवर आता गोदामं बांधायचं घाटत होतं. मात्र जिला पर्यावरणस्नेही दाखला मिळेल, त्या वस्तीला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून तिनंच वस्तीचं नाव यादीत घातलं. मनात म्हणाली, ही तर डोळे मिटून पहिली येईल.

पाहणी झाली. दिवे : घरटी एक. वाहनं : नाहीत. कचरा : सापडला नाही. एकूण गुण : शून्य.

"ही माणसं काही वाचवतच नाहीत," प्रमुख कळवळून म्हणाले.

"साहेब, ती वापरतच नाहीत."

"तेच म्हणतोय ना मी! ज्यानं कधी काही धरलंच नाही, तो सोडणार काय, डोंबल? त्याग दिसायला हवा."

तक्ता बदलायचा तर वरून मंजुरी आणायला दोन वर्षं. वस्ती बदलायला मंजुरी लागत नव्हती. तेव्हा 'आधारवापर उंचावणी' नावाचा टप्पा आखला गेला : तीन महिने वस्तीला भरपूर वापर करू द्यायचा, मग तो काढून घ्यायचा, आणि मधला फरक बचत म्हणून दाखवायचा. आठच दिवसांत ट्रकमधून घरोघरी गार हवेची यंत्रं आणि कपडे वाळवायची यंत्रं आली.

"अगं, बाहेर एवढं रणरणतं ऊन पडलंय आणि मी कपडे या पेटीत कोंबू?" मावशीनं विचारलं.

"तीनच महिने गं. मग परत नेणार आहेत."

"परत न्यायचंय तर आणलं कशाला?"

"परत न्यायला."

मावशीनं भाचीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मावशी काही सुधारली नाही. वाळवणाच्या यंत्रात तिच्या कोंबडीनं संसार मांडला, आणि गार हवेचं यंत्र ती दिसेल तेव्हा बंद करी. शेवटी एक वापर-निरीक्षक नेमावा लागला. तो दारोदार फिरून बंद दिवे लावायचा. तिसऱ्याच दिवशी मावशीला नोटीस आली : 'आपण विनापरवाना दिवा मालवल्याचे निदर्शनास आले आहे. असे पुन्हा घडल्यास आपणांस पर्यावरणविरोधी समजण्यात येईल.' मावशीनं ती वाचून घेतली, घडी घातली आणि डुगडुगत्या मेजाच्या पायाखाली सारली. मेज तेवढं स्थिर झालं.

मग झाडांची पाळी आली. तक्त्यात लावलेल्या झाडांना गुण होते, असलेल्या झाडांना नव्हते. वस्तीच्या मधोमध एक अवाढव्य झाड होतं. बावीसच्या बावीस घरं दुपारी त्याच्या सावलीत यायची.

"हे लावलं कुणी?" प्रमुखांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लागवडीचा पुरावा नाही. म्हणजे झाड उभं असलं तरी ग्राह्य नाही. शिवाय जागा अडवून बसलंय." झाड तोडलं. तिथं चाळीस रोपं लावली, प्रत्येक रोपाशेजारी त्याच्याहून उंच पाटी. नकाशेवालीनं नकाशावर चाळीस हिरवे ठिपके काढले. मोठं हिरवं वर्तुळ खोडताना मात्र तिचा हात थबकला. दाखला मिळाला की सगळं भरून येईल, असं तिनं स्वतःला बजावलं.

सावली गेली आणि घरं तव्यासारखी तापली. ज्यांनी गार हवेच्या यंत्राची टर उडवली होती, ते आता त्यापुढून हलेनात. वापर आपोआपच चढला. "बघा, लोकसहभाग!" प्रमुख म्हणाले.

चौथ्या महिन्यात ट्रक यंत्रं न्यायला आले, तर लोक उंबऱ्यावर आडवे बसले. "आधी झाड आणा, मग यंत्र न्या!" फक्त मावशीनं कोंबडीला बाहेर काढलं, यंत्र पुसलं आणि म्हणाली, "न्या बाबांनो. घरात जागा तरी होईल."

अहवाल तयार झाला : 'चाळीस रोपांच्या गुणांमुळे वस्तीची रचना उत्कृष्ट ठरते. तथापि, विद्यमान रहिवाशांत निसर्गाविषयी आस्था आढळून येत नाही. सबब रहिवासी बदलणे क्रमप्राप्त आहे.' वस्तीला दाखला मिळाला, गोदामं टळली, आणि माणसांना घरं रिकामी करायची नोटीस गेली. नव्या रहिवाशांची निवड मुलाखतीतून होणार होती. तक्ता तोच.

मावशीनंही अर्ज केला, स्वतःच्याच घरासाठी. तिच्या आधी, शेजारच्या घरासाठी, एक जोडपं होतं. घरात पाच गार खोल्या, दारात तीन गाड्या. त्यांतल्या दोन गाड्या त्यांनी निसर्गासाठी सोडल्या, तेव्हा प्रमुखांना भरून आलं. शहाण्णव गुण. ते शनिवार-रविवार येऊन राहणार होते, उरलेल्या गाडीनं.

मावशी खुर्चीच्या कडेला बसली. समोर गुण लिहायला नकाशेवाली होती.

"आजी, आधीचा वापर?" प्रमुखांनी विचारलं.

"एक दिवा."

"आताचा?"

"एकच."

"मग निसर्गासाठी तुम्ही सोडलंत काय?"

मावशीनं थोडा विचार केला. "घर सोडतेय की."

"त्याला रकाना नाही," प्रमुख म्हणाले.

रकाना नव्हताच. नकाशेवालीनंच तो आखला नव्हता. तिनं मान खाली घालून शून्य लिहिलं. पेन कागदातून आरपार गेलं. मावशी मात्र उठता उठता म्हणाली, "रडू नकोस गं, अक्षर छान आलंय."

आता मावशी भाचीकडे तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या मागे मागे फिरून दिवे बंद करते. टेकडीमागचं तिचं घर अजून रिकामं आहे, त्यासाठी अर्ज मागवलेत. हसताय काय? तुम्हीही भरा. घरातल्या कुठल्या कुठल्या वस्तू सोडल्या तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही, तेवढ्या फक्त मोजा. नकाशेवालीनं तुमचे गुण अंदाजानं मांडून पाहिलेत. घर तुम्हालाच मिळणार.

मावशीचा निरोप आहे : आत शिरलं की डाव्या हाताला दिव्याचं बटण आहे, रविवारी निघताना तेवढं बंद करा.