गाडीपुढचा खिळा

१९७४ साली मी छातीठोकपणे जाहीर केलं होतं, की दिवाळीपर्यंत माझ्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. ऐकायला शेजारची गोपिका एकटीच होती, आणि तीही विरजण मागायला आली होती.

आमचे हे टॉकीजमध्ये टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवत. 'तांगेवाली तारामती' हा पिक्चर सगळीकडे आठवड्यात आपटला, नागपुरात मात्र दरवर्षी परत लागायचा. लोक पडद्याच्या आधी संवाद म्हणायचे. शेवटी तारामती फलाटावर धावते आणि तिची गाडी सुटते. मागच्या भिंतीला टेकून आम्ही दोघांनी तो सव्वीस वेळा पाहिला. दर वेळी हे माझ्या कानात म्हणायचे, "पाहून घेजो, आज पकडते गाडी." सव्वीस वेळा सुटली. मग हेच गेले, आणि घर इतकं गप्प झालं, की मी घड्याळाला किल्ली देताना त्याच्याशीच बोलू लागले.

म्हणून मी खिळ्यांचा बोर्ड करायला घेतला. जत्रेत असतो तसा: दट्ट्या ओढून सोडला की गोटी उडून वर जाते आणि खिळ्यांवर आपटत खाली येते. लहानू सुताराला सांगितलं, अख्खा पिक्चर यात बसव. वर तांग्यांचा अड्डा, मध्ये दुष्ट मामाचं घर, मग पूल, तळाला गाडीचा डबा. गाडीत गोटी गेली तर पुडाभर चिवडा.

"आता गाडीच्या तोंडाशी एक खिळा ठोक," मी म्हटलं.

"मंग गोटी जाईन कशी, काकू?"

"पिच्चरमधी तारामती गेली का?"

लहानूनं खिळा ठोकला.

बोर्ड ओसरीवर मांडला. पहिल्या रविवारी चौघं आली, तिसऱ्या रविवारी ओसरी भरली. गोटी मामाच्या घरात शिरली की सगळे मिळून मामाला शिव्या घालत. पुलावर अडकली की संवाद म्हणत, आणि ते संपेपर्यंत गोटी कुणी हलवू देत नसे. तांग्याचा घोडा पांढरा नाही म्हणून एक आजोबा रुसून गेले, ते पुढच्या रविवारी चुना घेऊन परतले. जिंकत मात्र कुणीच नव्हतं.

"यमुताई, हे लबाडी हाय वं," गोपिका म्हणाली.

"तारामतीले जाऊन सांग."

सगळे हसले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. यांच्या तेराव्यानंतर माळ्यावर टाकलेलं चहाचं मोठं पातेलं मी खाली काढलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण यांचं वर्षश्राद्ध आलं, आणि मला वाटलं, या माणसाची एवढी एक इच्छा तरी पुरी करावी. पक्कड घेतली आणि खिळा उपटला.

त्या रविवारी पहिलीच गोटी घरंगळत थेट गाडीत. दुसरीही. असा गलका झाला, की रस्त्यावरचे सायकलवाले उतरून आत आले आणि तेही जिंकले. अकरा वाजेपर्यंत सगळे आपापला पुडा घेऊन घरी. पुढच्या रविवारसाठी मी पाच किलो चिवडा केला.

पुढच्या रविवारी फक्त गोपिका आली. विरजणाला.

"बाकीचे काहून नाही आले वं?"

"ताई, तारामती गाडीत बसली ना. आता टेशनवर कोन थांबन?"

खिळा मी परत ठोकला, पण भोक सैल झालंय. गोटी लागली की खिळाच पडतो. रोज संध्याकाळी मी एक डाव खेळते, जिंकते आणि यांच्या फोटोला सांगते, "पकडली हो गाडी." तो पाच किलो चिवडाही मलाच खावा लागला. तो संक्रांतीपर्यंत पुरला.