सेपरेट

त्यांना ऑफिसात सगळे फरकराव म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ते फोनवर बसत. लिफ्टमध्ये कोंडला गेलेला माणूस पलीकडून "अहो, आम्ही स्टक झालोय!" म्हणून गळा काढत असला, तरी हे शांतपणे विचारणार, "स्टक, की स्टॉप? स्टॉप होते ती लिफ्ट आणि स्टक होतो तो माणूस. फरक आहे." (एका गृहस्थांनी आतून जे उत्तर दिलं होतं, त्यात तीन शब्द होते आणि त्या तिन्हींच्या अर्थात काहीही फरक नव्हता.)

तर अशा या फरकरावांनी आठ वर्षांच्या संसारानंतर एक छोटासा निर्णय घेतला. म्हणजे निर्णय बायकोनंच घेतला, यांनी मान हलवली. आई-वडील, हे दोघं आणि मुलगी अशी पाच माणसं दोन खोल्यांत एकमेकांच्या कोपरांशी भांडत राहत होती. कंपनीचं फॅमिली क्वार्टर रिकामं झालं होतं. बायको त्याच कंपनीच्या सुट्या भागांच्या गोदामात कामाला. ती म्हणाली, "अहो, आता आपण सेपरेट होऊ या." सासऱ्यांनीही लगेच, "व्हा, व्हा," म्हणून टाकलं. सासूबाई थोड्या रडल्या आणि मग कुठली भांडी द्यायची ते काढायला बसल्या.

इतकं सगळं गोडीगुलाबीनं झालं होतं. उरलं होतं एकच काम: शनिवारची रजा आणि किल्ली मागायची.

"मॅडमना नुसतं सांगा, घर बदलतोय म्हणून," बायकोनं निघताना बजावलं. "उगाच शब्दांचा कीस पाडू नका."

पण फरकरावांना राहवतंय थोडंच! मॅनेजर मॅडम आठवड्यापूर्वीच मुख्य कचेरीतून आलेल्या. मराठीचा गंध नाही, सगळा कारभार इंग्रजीत. म्हणजे अचूक शब्द हवाच. केबिनच्या दारात उभं राहून त्यांनी मनातल्या मनात शब्द पारखले. 'शिफ्टिंग'? ते सामानाचं होतं. 'मूव्हिंग'? हलणारी कुठलीही वस्तू मूव्हिंगच, लिफ्टसुद्धा. (चालू असली तर.) आपण नेमकं काय करतोय? आपण सेपरेट होतोय! घरात सगळे तेच म्हणत होते आणि शब्द तर अस्सल इंग्रजी. फरकराव खूश होऊन आत शिरले.

पुढचं संभाषण इंग्रजीत झालं. फरकरावांचं इंग्रजी जसंच्या तसं ऐकवणं हा वाचणाऱ्यावर अन्याय होईल, म्हणून मराठीत सांगतो.

"मॅडम, शनिवारी रजा हवी होती. रविवारी आम्ही नवराबायको सेपरेट होतोय."

मॅडमचा हात टाइप करता करता थांबला. "अरेरे! मला कल्पना नव्हती. कधीपासून चाललंय हे?"

"लग्न झाल्यापासूनच."

"आणि पत्नीची तयारी आहे?"

"तयारी? तिचीच तर इच्छा! मीच आजवर टाळत होतो. आईच्या जिवाला लागेल म्हणून."

"मुलीला सांगितलंत?"

"सांगितलं ना! उड्या मारतेय नुसती."

मॅडम घोटभर पाणी प्यायल्या. "तुम्हाला स्वतःला काहीच वाटत नाहीये?"

"खरं सांगू का, मॅडम? फार हलकं वाटतंय. फक्त ते फॅमिली क्वार्टर तेवढं लवकर मिळावं. जुन्या साहेबांनी कबूल केलं होतं."

मॅडम आ वासून बघत राहिल्या. बायकोला सोडणारा माणूस हसत हसत फॅमिली क्वार्टर मागतोय! नोकरीत त्यांनी बरेच निर्लज्ज पाहिले होते, पण असा नाही. त्यांनी याला बाहेर पाठवलं आणि थेट घरी फोन लावला. फोन फरकरावांच्या वडिलांनी उचलला. त्यांचं इंग्रजी मुलासारखंच, फक्त आवाज मोठा.

"हो हो, सेपरेट! मीच आशीर्वाद दिलाय," म्हातारबुवा ओरडले.

"आशीर्वाद? अहो, तुम्ही समजवायला हवं होतं!"

"समजवायचं काय त्यात? मीपण झालो होतो. माझे वडीलपण झाले होते. आमच्या घराण्यात सगळे वेळच्या वेळी सेपरेट होतात!"

मॅडमनी फोन ठेवला आणि क्वार्टरचे कागद पुढे ओढले.

दुपारपर्यंत बातमी ऑफिसभर झाली. फरकराव डबा घेऊन टेबलाशी गेले, तर टायपिस्टबाई आपला डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसल्या. टेलिफोन ऑपरेटरनं जवळ येऊन हळूच खांदा दाबला. "माझ्या मेव्हण्याचा वकील चांगला आहे. सांगू का?"

"घर बदलायला वकील कशाला?" फरकराव चक्रावले.

"घर? अरे बाबा, ते गेलं की! मॅडमनी क्वार्टर वहिनींच्या नावावर केलं. ऑर्डर मुख्य कचेरीत गेलीसुद्धा. तुझी सोय वर, लिफ्टच्या मशिनरूमशेजारच्या खोलीत. एक खाट आहे म्हणे."

फरकरावांच्या हातातला घास डब्यात पडला. ते जे धावत सुटले, ते थेट केबिनमध्ये. तिथे बायको आधीच उभी! गोदामातून तशीच उठून आलेली, बाहीला ग्रीस, चेहरा पांढराफटक. मॅडमनी तिचा हात हातात धरला होता.

"अहो!" त्यांना बघताच तिचा आवाज फुटला. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मला काय विचारता? मॅडम म्हणतात तुम्ही मला सोडताय! आणि तुम्हाला हलकं वाटतंय म्हणे! आठ वर्षं तुमचे ते फरक ऐकून घेतले मी, जेवतानासुद्धा! आणि तुम्ही..." डोळ्यांतून घळाघळा पाणी.

क्वार्टर गेलं खड्ड्यात. ती रडतेय हे बघून आयुष्यात पहिल्यांदाच फरकरावांना एकही शब्द सुचेना, ना बरोबर ना चूक. शेवटी कसाबसा आवाज निघाला, "अगं, कुणी नाही गं! देवाशपथ कुणी नाही! मी फक्त सांगितलं, आपण सेपरेट होतोय. तूच म्हणाली होतीस ना!"

"सासूबाईंपासून!" ती एकदम ओरडली. "तुमच्यापासून नव्हे! काय सांगितलंत तुम्ही मॅडमना?"

त्यांनी सांगितलं. सगळं, शब्दन् शब्द. ऐकता ऐकता तिचं रडणं थांबलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. ग्रीसचा टिळा लागला तरी तिला भान नाही. मग ती मॅडमकडे वळली आणि साध्यासुध्या इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, घर नवीन. नवरा तोच."

"तोच?" मॅडमनी खात्री करून घेतली.

"तोच." बायकोनं सुस्कारा सोडला.

मॅडमनी फरकरावांना नीट न्याहाळलं आणि तिच्याकडे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "नक्की ना? अजून विचार करायला वेळ आहे."

बायकोनं विचार केला. (हा वेळ फरकरावांना फार जड गेला.) मग म्हणाली, "राहू दे, मॅडम. आता सवय झालीय."

पण निघालेली ऑर्डर मागे घेण्याची पद्धत कंपनीत नव्हती. क्वार्टर बायकोच्याच नावावर राहिलं. रविवारी सामान घेऊन मंडळी पोचली, तेव्हा गेटवरच्या पहारेकऱ्यानं दोन पास काढून ठेवले होते. बायकोच्या पासवर तिचं नाव आणि खाली 'क्वार्टरधारक'. फरकरावांच्या पासवर त्यांचं नाव आणि खाली गिचमिड इंग्रजी अक्षरात 'डिपेंडंट'.

फरकरावांनी पास डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. टेम्पो मागे हॉर्न वाजवत होता.

"अहो, काय झालं आता?"

"स्पेलिंग तपासायला हवं. शेवटून तिसरं अक्षर 'ई' असेल, तर ते नुसतं विशेषण, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला. आणि 'ए' असेल, तर ते नाम, म्हणजे ज्याला दुसऱ्यानं पोसायचं तो माणूस. दोन्हींत मोठा..."

"तुमच्या बाबतीत दोन्ही चालतं," बायको म्हणाली आणि तिनं पहारेकऱ्याला सांगितलं, "सोडा यांना आत. माझ्याबरोबर आहेत."