कोपऱ्याचा तुकडा

रविवारी सकाळी फ्रिज पुसताना संचिताच्या हातून फ्रिजवरचा बाबांचा रुबिक क्यूब पडला. कोपऱ्याचा एक तुकडा निखळला. तिनं तो दाबून बसवला आणि कामाला लागली.

जेवणं झाल्यावर बाबांनी डोळ्यांना पांढरा पंचा बांधला. डोळे बांधून क्यूब सोडवायची त्यांची रीत होती. प्रत्येक रंगीत खणाला एक अक्षर, दोन-दोन अक्षरं गुंफून एक शब्द, आणि शब्दांची माळ पाठ. "सरोज, डबा, बोकड, पलंग..." पुटपुटत त्यांनी क्यूब फिरवला. पंचा काढला, तर एक कोपरा चुकलेला. पुन्हा दोनदा केलं. तिन्ही वेळा तोच कोपरा.

"डोकं गेलं गं माझं," बाबा हसून म्हणाले. पण हात थरथरत होते.

संचितानं कोपरा ओळखला. सकाळी निखळलेला तोच. "उद्या जमेल, बाबा," एवढंच म्हणाली.

सोमवारी चहा व्हायच्या आत बाबा गेले.

दहाव्याला डोंबिवलीहून सगळे खडवलीच्या नदीकाठी आले. पिंड ठेवला. कावळा समोर येऊन बसला, पण शिवेना. तेव्हा सरोजआत्यानं कनवटीची चिठ्ठी काढली. "दादाच्या उशीखाली सापडली. शेवटची इच्छा! 'सरोज, डबा.' म्हणजे वहिनीचा पितळी डबा मला."

"दिला!" सुधीरकाका कावळ्याकडे बघून ओरडले. कावळा ढिम्म.

"पुढे 'बोकड'. गावच्या देवीचा नवस राहिलाय."

"अगं, दादा अंडंसुद्धा खायचा नाही!"

"म्हणूनच राहिला ना!"

"बरं दादा, देतो बोकड!" काकांनी हात जोडले.

"आणि 'पलंग'."

"शय्यादान असतं तसं," गुरुजी खाली बघत म्हणाले. "माझी ना नाही."

"आत्या, ते क्यूबचे शब्द आहेत," संचिता म्हणाली.

"गप गं. जाताना माणूस खेळ लिहून ठेवतो होय?"

डबा गेला, बोकड गेला, पलंगही गेला. कावळा हलला नाही. वारा पडला. झाडावरचे बाकीचे कावळेही एकाएकी गप्प झाले. आत्या, काका, गुरुजी सगळ्यांना सोडून तो एकट्या संचिताकडे बघत होता. मग त्याच्या डोळ्यावर पांढरा पडदा सरकला, पंचा बांधावा तसा. आणि डोळा उघडेना.

"आता काय राहिलं असेल रे?" आत्या कुजबुजली.

संचितानं पिशवीतून क्यूब काढला. तो चुकलेला कोपरा अंगठ्यानं दाबून जागच्या जागी फिरवला. टक. क्यूब जुळला. तिनं तो पिंडाशेजारी ठेवला.

"बाबा, तुमचं डोकं शाबूत होतं."

पडदा मागे सरकला. काळा डोळा उघडला.

"क्यूब माझ्या हातून पडलेला. तुकडा मीच चुकीचा बसवला, आणि तुमचे हात थरथरताना बघूनही बोलले नाही. तिन्ही वेळा तुम्ही तो बरोबर सोडवलेला, बाबा."