आप्पांचं ‘वरीलप्रमाणे’

आप्पा गावडे एकच आकडा कधी दोनदा लिहीत नसत. यवतजवळच्या आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये एक इन्क्युबेटर होता, म्हणजे दुधातले जंतू वाढवून बघायचं कपाट. त्याचं तापमान सदतीस अंश सेल्सिअस. दिवसातून तीनदा ते बघून नोंदवायचं काम आप्पांचं. एक तारखेला ते ‘३७’ लिहीत आणि खाली महिनाभर ‘वरीलप्रमाणे’. रजिस्टर जाऊन एक्सेल आलं, तरी आप्पा एका बोटानं तेच टाईप करत बसत. ‘३७’ला दोनच कळा लागतात, हे मी, डेअरीचा कॉम्प्युटर ऑपरेटर, सांगून सांगून थकलो.

“आकडा बदलला तर लिहीन की. उगं कशाला गिरवायचं?”

कपाटाचं दार कुणी आपटलं की मात्र खवळत. “हळू लावा. उबंला बसल्यात.” जंतूंची एवढी बडदास्त मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांना वर्षभराच्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये हव्या होत्या. एका ओळीत एकच नोंद: तारीख, वेळ, आकडा. मी आप्पांच्या शीट चढवल्या आणि प्रोग्रॅमनं ‘वरीलप्रमाणे’ एकूणएक बाहेर फेकले.

“म्हणजे हा माणूस बघतच नव्हता,” साहेब म्हणाले. “लॅब दुसऱ्या कुणाकडे द्या.”

आप्पा मान खाली घालून उभे. सुट्टीच्या दिवशीही ते वरवंडहून सायकल मारत नोंद घ्यायला येतात, हे मी सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकलं नाही. तेवढ्यात मला स्क्रीनवर श्रावणातले पंधरा दिवस दिसले. एक तारखा सोडल्या तर तेवढेच प्रोग्रॅमनं मुकाट घेतले होते. तासातासाची नोंद आणि दर वेळी पूर्ण ३७. मी ते साहेबांना दाखवलं.

“हे तेवढं पूर्ण कसं लिहिलंत?” साहेबांनी विचारलं.

आप्पा म्हणाले, “तवा मंडळी दौंडला दवाखान्यात व्हती. आत सोडत न्हवते, म्हणून हितं येऊन बसायचो. निरोगी माणसाच्या अंगाचा आकडा बी सदतीसच असतो, साहेब. तिचा ताप काय खाली येईना. मग ह्या कपाटाचा तरी जागेवर हाय का बघायचो. दिसला की लिहायचो.”

वहिनी त्याच श्रावणात गेल्या, हे डेअरीत सगळ्यांना ठाऊक होतं. या नोंदींचं कुणालाच नव्हतं.

साहेबांनी लॅबचा विषय पुन्हा काढला नाही. तीन वाजले तसे आप्पा उठले. “बघून येतो,” म्हणाले. साहेबही उठले आणि त्यांच्या मागोमाग कपाटापर्यंत गेले.