वाटुरी आकाशीचा पाहुणा उतरला, ते समयीची हकीकत

श्रीगणेशास नमन. शके १९०९, प्रभवनाम संवत्सरी, पौषमासी, मौजे वाटूर, जिल्हे जालना येथे जो बाका प्रसंग गुदरला, तो पुढील पिढ्यांस दाखला असावा म्हणोन यथास्थित लिहिला असे.

दिवस कलता आभाळातून पांढरी प्रचंड छत्री उतरली, आणि तिजखाली लटकती पेटी अखंडित सौभाग्यवती सगुणाबाई यांचे वावरात, त्यांची खासगत म्हैस चंद्री हिचे शेजारी मुक्कामास आली, आणि दिवा मिचकावीत टुकटुक करू लागली. मग सारा गाव बांधावर जमला, आणि सरपंच काकासाहेब यांनी मसलत बसविली. विज्ञानाचे गुरुजी भालचंद्रराव यांनी अर्ज केला की, हा परग्रहीचा जासूद. त्याचे जंतू आम्हांस बाधतील, आमचे त्यास. जबाब द्यावा तर मागून फौज येईल, न द्यावा तर अपमान होईल. सबब कोणी बांध ओलांडू नये. तैसा हुकूम सुटला. मग गावकरी कडूबाने पाहुण्याचे मानास टॉवेल-टोपीची तजवीज मांडिली, आणि तेथेच फितूर माजला: पाहुणा बाप्या की बाई? बाई असल्यास टोपीने युद्ध जुंपेल, खण-नारळच पाहिजे. दोन तट पडले.

इकडे धारेची वेळ टळत चालली. चंद्री सगुणाबाईंखेरीज कोणास हात लावू देत नसे, आणि कास तटतटून ओरडत होती. धार चुकली तर कास सुजणार, म्हैस आटणार. बाईंचा जीव तुटू लागला.

"तुमचं चालू द्या. म्हशीला मसलत कळत न्हाई," म्हणोन त्या घाईत बादली तेवढी घेऊन, धारेवेळी चंद्रीपुढे ठेवायचे आंबोण विसरून, एकट्याच चालून गेल्या.

"अवं सगुणाबाई, जंतू!"

"गोठ्यात काय कमी हायेत का, गुरुजी?"

मग पेटीपुढे पदर खोचून दटाविले, "आलास तं बस गुमान. जनावराला डोळे मिचकावू नको." आणि धारेस बसल्या. बादली भरली, आणि पाहुणा उपाशी नको म्हणोन त्यापुढे पेलाभर दूध ठेविले, तोच टुकटुक थांबली, दिवा मालवला. गनीम शरण आला जाणोन गावाने जयघोष केला.

इतक्यात जीप आली. हैदराबादेच्या साहेबांनी जाहीर केले की, हे फुग्यासंगे सोडिलेले, हवा मोजणारे आमचेच यंत्र.

काकासाहेबांचे अवसान गळाले. "हैदराबादहून? निजामामागं पुन्यांदा? त्यापरीस परग्रहाचा बरा व्हता!"

साहेबांनी पुसले, पेटीची तांबडी वायर कोणी तोडली? गाव आभाळाकडे पाहू लागला. आंबोण न मिळालेली चंद्री स्वस्थ चघळीत होती, आणि ओठांतून तांबडे टोक लोंबत होते. सगुणाबाईंनी ते अलगद ओढून पदराआड केले.

बाप्या की बाई हा वाद मिटला नाही, सबब पेटीस टॉवेल-टोपी आणि खण-नारळ दोन्ही देऊन रवानगी केली. पृथ्वी बचावली, दूध सांडले नाही. ऐसी फत्ते जाहली, आणि चंद्रीस ते रोजी सरकी दुप्पट मिळाली.