कणकेतली स्प्रिंग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुमच्या मुठीत एक पाना आहे. साधा नव्हे, रॅचेट पाना. एका बाजूला फिरवला की नट फिरतो, उलट आणला की नट जागच्या जागी राहतो आणि पाना नुसता कट-कट-कट करत मागे येतो. त्याच्या डोक्यात एक दातेरी चाक असतं, चाकाला अडवणारा एक खटका असतो आणि खटक्याला मागून रेटणारी, तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग असते. स्प्रिंग नसेल तर पाना मुका.

आमच्या जालंधरच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारखान्यातून पोत्यानं सुटे भाग येतात आणि बाया अंगणात बसून गप्पा मारता मारता ते जोडतात. मी स्वतः रॅचेटच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तेव्हा या विषयात मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. मी होतो पॉलिशखात्यात. पान्याला बाहेरून चकाकी आणायचो. त्याच्या पोटात डोकावण्याची वेळ कधी आली नव्हती, पण मत बनवताना ही बाब माझ्या लक्षात राहिली नाही.

शनिवारी मी घरचा पाना तेलपाण्याला काढला. माझी दहा वर्षांची नात मनरीत शेजारी बसली होती. आई तर पुसून घेते आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडते, असं ती म्हणाली.

"बेटा, आपण पंजाबी माणसं," मी म्हणालो. "पराठ्याला तूप लावताना आपला हात आखडत नाही. मग लोखंडानं काय पाप केलंय?"

आणि ट्रॅक्टरचं घट्ट ग्रीस मी बोटानं ठासून भरलं. बाहेर ओघळेपर्यंत.

रविवारी गुरुद्वाऱ्यात ऐन वेळी पोळ्यांच्या मशीनची साखळी उतरली. आत कीर्तन संपत आलं होतं. थोड्याच वेळात तीनशे माणसं पंगतीला बसणार होती. साखळीचा नट मशीनच्या मागच्या बेचक्यात. तिथं रॅचेटशिवाय दुसरा पाना फिरत नाही. लंगरचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या रछपाल बीबी म्हणाल्या की पोळपाट काढते, हातानंच लाटू. मी त्यांना थांबवलं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणालो आणि मनरीतला घरी पाठवून पाना मागवला.

पाना नटावर बसला आणि दोन्ही बाजूंना सारखाच फिरला. आवाज नाही, पकड नाही. लोण्यात बोट फिरवावं तसा. मी गंभीर चेहऱ्यानं तो कणकेच्या परातीशेजारी नेला, कारण उजेड तिथंच होता, आणि झाकणाचे स्क्रू काढून ते उचकटलं. झाकण उडालं. कुठंतरी टिण् झालं. आत पाहिलं तर नुसतं ग्रीस. स्प्रिंग कुठंच दिसेना.

"स्प्रिंग उडाली," मी जाहीर केलं.

"कुठं?" रछपाल बीबींनी विचारलं.

मुलांनो, इथं 'ठाऊक नाही' म्हणायला हवं होतं. मी परातीकडे बोट केलं.

"पाहिलंस तू?"

"या डोळ्यांनी, बीबीजी. अशी वर गेली आणि तिथं पडली."

मणभर कणीक होती. दुसरं पीठ नव्हतं आणि चक्कीवाला स्वतःच जेवायला आला होता. पोलादाचा तुकडा एखाद्या पोराच्या घशात अडकला तर? बीबींनी एकही पोळी लाटू दिली नाही. लोहचुंबक आणून फिरवला. त्याला कणीक चिकटली, स्प्रिंग नाही. शेवटी तीस बाया गोल बसल्या आणि वाटाण्याएवढे गोळे चिमटीनं तपासू लागल्या. एकीनं विचारलं, "वीरजी, एकतीस वर्षं पगार कशाचा घेतलात?" मी मान खाली घालून कणीक चिमटत राहिलो. बाहेर पंगत बसली होती. ताटांत डाळ वाढून झाली होती आणि निवत होती.

मधेच मनरीतनं, पाना पुसू का, असं विचारलं होतं. पूस, म्हणालो होतो, आता त्यात उरलंय काय.

आणि नळापाशी आवाज झाला. कट-कट-कट.

तीस जणींचे हात थांबले. या बाया दिवसाला शंभर पाने जोडतात. त्या आवाजाचा अर्थ त्यांना कुणी सांगावा लागला नाही. स्प्रिंग उडालीच नव्हती. माझ्या ग्रीसमध्ये आत रुतून बसली होती. टिण् झालं होतं ते झाकण. मनरीतनं सगळं चिंधीनं पुसलं होतं, मशीनच्या कुपीतल्या तेलाचा एक थेंब सोडला होता आणि झाकण लावलं होतं.

रछपाल बीबी माझ्याकडे वळल्या. "या डोळ्यांनी का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

पोळपाट निघाले. लाटणी सुरू झाली. मी घाईघाईनं मनरीतपुढे हात पसरला, कारण मशीन अजून बंद होतं.

तिनं पाना दिला नाही. स्टूल मशीनमागे ओढलं, वर चढली, बेचक्यात हात घालून पाना नटावर बसवला.

"दादाजी, स्टूल हलतंय. तेवढं धरा."

मी धरलं. तिनं खाली वाकून, मी नीट धरलंय ना ते स्वतः पाहिलं, आणि मगच पहिला फेरा दिला.